सुताराची पकड

सुतारकाकांचा शिकंज्यावर फार विश्वास. सांध्याला सरस लावायचा, शिकंजा आवळायचा आणि वाळेपर्यंत सोडायचा नाही. खुर्ची जन्मभर हलत नाही. बायकोला फिट आली की तेच. आधी तिचा डावा अंगठा उडायचा, मग मनगट, मग तोंड वाकडं व्हायचं आणि शेवटी सगळं अंग झटके द्यायचं. काका तिच्या उजव्या खांद्यावर गुडघा रोवून तिला दाबून धरायचे. थोड्या वेळाने अंग सैल पडायचं. "सुटली एकदाची!" म्हणत काका घाम पुसायचे. शेजारीपाजारी वाहवा करायचे, आणि खोटं कशाला बोला, काकांची छातीही फुगायची.

एकदा फिट सुटली ती खांदा निखळवूनच. बसवला, तरी पुन्हा पुन्हा निसटायचा. दिवसभर कपडे शिवणाऱ्या काकूंना कात्री पेलवेना. शिलाई मशीनवर चादर पडली. "दुखण्यानं खांदा खाल्ला, पण हे होते म्हणून मी जगले," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

पुढे नव्या डॉक्टरीणबाई मिळाल्या. आत काकूंच्या डोक्याला तारा लावून तपासणी चालली होती, तेव्हा काकांनी बाहेर आपला पराक्रम ऐकवला. बाईंनी त्यांना समोर बसवून समजावलं.

"काका, मेंदूच्या एका कोपऱ्यातल्या पेशी एकदम बिथरतात. त्यांच्या नादानं शेजारच्या, मग त्यांच्या शेजारच्या. आधी अंगठ्याची जागा, मग हाताची, तोंडाची, मग सगळा मेंदू. शेवटी पेशी दमतात, मेंदू स्वतःच ब्रेक लावतो. बाहेरून धरून काही थांबत नाही. धरलेला सांधा मात्र निखळतो. डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा. लांबली तर तडक दवाखाना."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडायची, आणि काका आजवर फांदी तोडल्याचा मान घेत आले होते!

त्या दिवसापासून त्यांना घरात बसवेना. काकू खांदा शेकायला लागल्या की हे उठून बाहेर. तिचा हात आपणच घालवला, हे सांगायचं रोज ठरवायचे. पण ती कौतुकानं बघायची आणि काका विषय बदलायचे. ते कौतुक सोडवत नव्हतं, याचीच जास्त लाज वाटायची.

एका सकाळी भाजी निवडताना काकूंचा अंगठा उडाला. काकांचे हात सवयीनं पुढे गेले. त्यांनी ते मागे ओढले, तिच्या डोक्याखाली उशी सरकवली, विळी दूर केली आणि तिला कुशीवर वळवून नुसते बसून राहिले. झटके वाढले, विरळ झाले, थांबले. आपोआप.

बऱ्याच वेळानं काकूंनी डोळे उघडले. "धरलंत ना मला?"

"नाही. नुसतं कुशीवर वळवलं."

"मग थांबली कशी?"

"तिची तीच थांबते गं. आधीही तशीच थांबायची."

काकूंचा हात हळूहळू उजव्या खांद्याकडे गेला. "मग हा?"

"माझ्या गुडघ्यानं."

तिला उठवायला काकांनी हात पुढे केला. काकूंनी तो पाहिला आणि भिंतीला धरून त्या एकट्याच उठल्या.