मंगलचा नाच आणि गल्लीतला टँकर

माझ्या बायकोच्या नाचामुळं लातुरात टँकर येतो, ही बातमी आमच्या गल्लीत मी पसरवली. माझा तसा हेतू नव्हता.

मी डाळीचा व्यापारी. तुरीचा दाणा हरभऱ्याएवढा करून सांगायची आमच्या धंद्यात सवय, आणि दुकानाचं शटर ओढलं म्हणून ती दुकानात राहत नाही, माझ्याबरोबर घरी येते. त्यात ते वर्ष दुष्काळाचं. नळ कोरडे, बोअर कोरडे. गल्लीत बोलायला दोनच विषय : उदगीर जिल्हा कधी होणार आणि टँकर कधी येणार. (मंगलचं माहेर उदगीरचं. त्यामुळं आमच्या घरात जिल्हा कधीच होऊन गेला होता, सरकारला कळवायचं तेवढं राहिलं होतं.)

त्याच वर्षी मंगलच्या छातीत डाव्या बाजूला कॅन्सरची गाठ निघाली. हैदराबादला नेऊन ऑपरेशन केलं. ती बाजू काढावी लागली. जीव वाचला, पण डावा हात वर येईना. आम्ही लिंगायत; आमच्यात रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळ्यांसमोर धरायचं आणि त्याच्याकडं बघत पूजा करायची. मंगलनं ही पूजा लहानपणापासून चुकवली नव्हती. आता तिचा हात पोटाशीच थरथरायचा. मग मी तिच्या कोपराखाली माझा हात लावायचो आणि पूजा होईपर्यंत धरून ठेवायचो. ती इष्टलिंगाकडं बघायची, मी तिच्याकडं. (एवढं अगदी खरं आहे. बाकीच्याचा जिम्मा मी घेत नाही.)

एका सकाळी ती म्हणाली, "आवो, ही पूजा मी करायलेय का तुमी?"

मला उत्तर सुचलं नाही. माझ्या आयुष्यात ही गोष्ट दोनदा घडली, त्यातली ही पहिली.

नांदेडहून आलेल्या तबस्सुम मॅडम अशा ऑपरेशन झालेल्या बायकांचा व्यायाम घ्यायच्या. आधी चटईवर झोपून दोन्ही हातांत लाटणं धरायचं आणि ते डोक्यामागं न्यायचं. मग उठून गाण्यावर नाचायचं, म्हणजे हात दुखतोय हे हाताच्या लक्षात यायच्या आत तो वर गेलेला असतो. मंगलला तपासून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"हात कोण धरतं यांचा?"

"मीच की." मी छाती फुगवून सांगितलं.

"मग वर कशाला येईल तो? त्याला आयता नवरा मिळालाय. या दोन-तीन महिन्यांत हलला तर हलला भाईसाब, नाहीतर असाच राहील."

पाण्यावाचून त्यांचा वर्गाचा हॉल बंद पडला होता. मी लगेच आमची गच्ची देऊन टाकली. सोमवार आणि गुरुवार, ऊन उतरल्यावर. मंगलची अट एकच होती : गल्लीला कळायचं नाही. गल्लीला आम्ही पित्ताचे खडे सांगितले होते. "उद्या कुणी माझ्या तोंडाकडं बघून बोलणार न्हाई," ती म्हणाली, "सगळ्यांची नजर पदरावर जाईल."

पहिल्या सोमवारी सहा बायका काखेत चटया मारून, हातात लाटणी घेऊन आमच्या जिन्यानं वर गेल्या. शेजारच्या इंदुअक्का दारातच बसल्या होत्या. गल्लीत पाण्याचा नंबर लावणाऱ्या त्याच. मंगल घागर उचलत नाही आणि मी व्यापारी माणूस डोक्यावर घागर घेऊन फिरतो, यावर त्या रोज एक टोमणा मारायच्या. पित्ताचे खडे काढून एवढे दिवस कुणी बसत नाही, असा त्यांचा हिशोब.

"आप्पा, वर काय चालू हाय?"

योगा म्हणालो असतो तर भागलं असतं. पण साधं खोटं मला जमत नाही.

"पाण्यासाठी अनुष्ठान हाय अक्का. नाचाचं."

"आन् लाटणी?"

"ढगाला फिरवायला."

अक्कांनी नाक मुरडलं. विश्वास बसला नव्हता त्यांचा. पण वर गाणं लागलं, गच्चीवर पावलं वाजू लागली, आणि तेवढ्यात अकरा दिवस तोंड न दाखवलेला टँकर गल्लीच्या कोपऱ्यावर हॉर्न देत वळला.

गुरुवारी घागरी आमच्या दारापासून लागल्या. योगायोग बघा, त्याही दिवशी टँकर आला. मग मागच्या गल्लीतले लोक विचारू लागले, अनुष्ठानात अजून बायका घेता का. एक मास्तर म्हणाले, रोज नाच ठेवा. मी म्हणालो, रोज केलं तर पूर येईल. (हे मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो. चूक तिथं झाली.)

तिसऱ्या आठवड्यात टँकर चुकला. नाच होऊनही चुकला. त्याच्या पुढच्या सोमवारी इंदुअक्का वीस-पंचवीस बायका घेऊन आमच्या अंगणात आल्या. नारळ, उदबत्त्या, पाण्यानं भरलेला तांब्या आणि प्रत्येकीच्या हातात लाटणं.

"सरका आप्पा. विधीत कायतरी कमी पडायलंय. आम्ही वर जाऊन बघताव."

वर बायकांनी पदर आणि ओढण्या बाजूला ठेवल्या होत्या. त्या गच्चीवर त्यांना स्वतःचं अंग कुणापासून झाकावं लागत नव्हतं. आठवड्यातून दोनदा, तासभर, तेवढंच. मी जिन्याच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिलो.

"वर जायचं न्हाई अक्का."

"का न्हाई?"

"कारण... हा विधी खालीच होतो. पुरुषानं करायचा असतो. मी दाखवतो."

आणि मी नाचू लागलो. मंगल रोज सकाळी घरी सराव करायची ते सगळं केलं. हात बाजूला, हात वर, गिरकी. वजन शंभराला टेकलेलं, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, अंगात बनियन. बायका आधी हात जोडून बघत होत्या, मग तोंडाला पदर लावून बघू लागल्या. दुसऱ्या गिरकीला माझा पाय तांब्याला लागला. सगळं लातूर कोरडं ठणठणीत होतं. पाणी सांडलं ते माझ्याच पायाखाली, आणि मी तुरीच्या पोत्यासारखा डाव्या खांद्यावर आदळलो.

माझी आरोळी औसा गावापर्यंत गेली असणार. वरच्या बायका होत्या तशा धावत खाली आल्या. मंगल सगळ्यांत पुढं. ओढणी नाही, पदर नाही, घामानं चिकटलेला कुर्ता.

सगळ्यांच्या नजरा जिथं जाऊ नयेत म्हणून मी तीन आठवडे खोटं बोललो होतो, बरोबर तिथंच गेल्या.

तोंड उघडून मी काहीतरी जुळवायला लागलो. काहीच सुचलं नाही. (ही दुसरी वेळ.)

मंगल म्हणाली, "तुमी गप बसा आता." मग ती अक्कांकडं वळली. "पाण्यासाठी न्हाई अक्का. कॅन्सर झालता. एका बाजूचं काढलंय. हात वर यावा म्हणून नाचायलोत आम्ही."

अक्कांनी लाटणं खाली ठेवलं. बराच वेळ त्या मंगलच्या तोंडाकडंच बघत होत्या. फक्त तोंडाकडं.

"आन् मी तुला घागरीवरून बोलले," त्या म्हणाल्या. "रोज बोलले."

"तुमाला ठावं नव्हतं."

"तू ठावं होऊ दिलंस का?" अक्कांनी डोळे पुसले आणि गल्लीकडं तोंड करून सांगितलं, "आजपासून हिच्या घागरी मी भरणार. नंबर पहिला. कुणाला काय म्हणायचंय?"

मी अजून जमिनीवरच होतो, पण तो विषय कुणाच्या डोक्यात नव्हता.

दीड महिन्यानं एका सकाळी मंगलनं इष्टलिंग तळहातावर घेतलं. हात पोटाशी आला, छातीशी आला, थांबला, थरथरला आणि डोळ्यांसमोर जाऊन उभा राहिला. खाली कुणाचा हात नव्हता. मी लावणारही नव्हतो. खरं सांगायचं तर मला लावताच आला नसता, कारण माझा डावा खांदा पडल्यापासून आखडला होता. पूजा आटोपून ती माझ्याकडं सरकली, माझ्या तळहातावर माझं इष्टलिंग ठेवलं आणि कोपराखाली तिचा हात लावला.

तबस्सुम मॅडमना ते कळलं. म्हणाल्या, "वहिनी, सोडा त्यांचा हात. आयती बायको मिळाली की तो वर येणार नाही."

तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी बायका वर गच्चीवर असतात आणि मी खाली अंगणात, एकटा, चटई आणि लाटणं घेऊन. मी उठून पहिली गिरकी घेतली, की इंदुअक्का दारातून गल्लीला ओरडून सांगतात :

"घागरी आत घ्या गं, टँकर न्हाई यायचा. खाली आप्पाच नाचायलेत."