विश्रांतवाडीतलं शिकागो

चार माणसं दर रविवारी सकाळी एका खोलीत बसून काहीतरी ऐकायला लागली, की किस्से वेगळे जमवावे लागत नाहीत. आमच्याकडे ते कॅसेटांपेक्षा जास्त झाले. कॅसेटांना पुढे बुरशी लागली, किस्से अजून शाबूत आहेत!

आधी मंडळी कोण ते सांगते. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी हूल उठली होती, त्या भानगडीत कंपनीने मला सहा महिने शिकागोला पाठवलं. तिथे वॉल्टर नावाचा पन्नाशीचा कृष्णवर्णीय प्रोग्रॅमर माझ्या शेजारी बसायचा. एका रविवारी तो मला त्याच्या वस्तीतल्या एका हॉलमध्ये घेऊन गेला. तिथे जे वाजत होतं, त्याला फ्री जॅझ म्हणतात. मला काहीही कळलं नाही, पण उठताही येईना. पुण्याला परत निघताना त्याने मला अकरा कॅसेट दिल्या.

विश्रांतवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर गायकवाड साहेब राहायचे. लष्कराच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवून रिटायर झालेले. कॅसेट त्यांना नेऊन दिल्या आणि रविवारची बैठक सुरू झाली. साहेब, त्यांच्या पत्नी सुमनवहिनी, मी आणि माझ्या ऑफिसातला शिरीष.

*

पहिल्याच रविवारी पंधरा मिनिटांत बेल वाजली. समोरच्या ब्लॉकमधले कुलकर्णी काका दारात.

"अहो गायकवाड, तुमच्या मिक्सरचं भांडं नीट बसत नाहीये का?"

"मिक्सर नाही काका, शिकागो आहे," साहेब म्हणाले.

काकांनी आत डोकावून टेपरेकॉर्डरकडे पाहिलं.

"असेल. मग शिकागोला झाकण लावा!"

*

शिरीष प्रोग्रॅमर. त्याला प्रत्येक गोष्टीचा नियम हवा. तिसऱ्या रविवारी तो वैतागला.

"साहेब, फ्री फ्री म्हणतात, पण कशापासून फ्री?"

साहेब कॅसेटच्या आतला बारीक अक्षरातला कागद डिक्शनरी घेऊन वाचायचे. वॉल्टर मला लांबलचक पत्रं लिहायचा, तीही त्यांनी दोनदा वाचली होती. ते शांतपणे सांगायला लागले. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची गाणी आधी शेतात होती, मग चर्चमध्ये आली. तिथून जॅझ निघालं. मग ते हॉटेलांत गेलं. वाजवणारे काळे, ऐकणारे गोरे. वादकांनी मागच्या दाराने यायचं, लोकांना नाचता येईल असंच वाजवायचं, सांगितलेल्या वेळेत संपवायचं. साठच्या दशकात त्यांच्यातले काही म्हणाले, पुरे. त्यांनी स्वतःच्या वस्तीत हॉल घेतले, संघटना काढल्या, पोरांना वाजवायला शिकवलं. काय वाजवायचं आणि किती वेळ, ते आता आम्ही ठरवणार!

शिरीषने विचार केला. "म्हणजे रिक्वायरमेंटच नाही?"

"रिक्वायरमेंट आहे," साहेब म्हणाले. "क्लायंट नाही."

सोमवारी शिरीषने हे वाक्य ऑफिसातल्या बोर्डवर लिहिलं. मॅनेजरने दुपारच्या आत पुसलं.

*

सुमनवहिनी सुरुवातीला स्वयंपाकघरातच असायच्या. त्यांना हा सगळा नवऱ्याचा नाद वाटायचा. एकदा सहाव्या नंबरची कॅसेट लावली. नुसता सॅक्सोफोन, बाकी काही नाही. वहिनी मेथी निवडता निवडता बाहेर आल्या.

"कोण गेलं हो?"

"कोणी नाही. वाजवतोय तो."

"ते कळतंय मला. पण कोण गेलंय त्याचं?"

साहेबांनी कागद काढला, चष्मा लावला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, धाकट्या भावाच्या आठवणीत. तो कसा गेला, तेही एका वाक्यात होतं. पोलिसांच्या गोळीने.

वहिनींनी मेथीची जुडी घेऊन तिथेच बसकण मारली. त्या कॅसेटची दुसरी बाजू होईपर्यंत एक काडी निवडली नाही. पुढच्या रविवारपासून त्यांची खुर्ची ठरली. आम्हाला काही कळेनासं झालं की आम्ही त्यांच्याकडे बघायचो.

*

हा किस्सा साहेबांनी स्वतः सांगितलेला. रिटायर झाल्यावर ते काही दिवस लग्नाच्या बँडमध्ये जायचे. एका बंगल्यातलं लग्न. वरात दारात पोचली, तरी नाचणाऱ्यांचं मन भरेना. तेच गाणं सात वेळा वाजवून झालं. मग कोणीतरी येऊन सांगितलं, "बँडवाल्यांची जेवणं मागे, गॅरेजपाशी."

"आठव्यांदा तेच गाणं सांगितलं," साहेब म्हणाले, "आणि मला काय झालं कोण जाणे. डोळे मिटले आणि लष्करात शिकलेलं, वस्तीत ऐकलेलं, आईच्या ओव्या, सगळं एकदम वाजवत सुटलो. ढोलवाला माझ्याकडे बघतोय, घोडी मागे सरकतेय! नवरदेवाचा मामा धावत आला. म्हणाला, हे कुठलं गाणं? मी म्हटलं, सगळीच."

"मग?" शिरीषने विचारलं.

"मग काय. जेवायला थांबलो नाही. घरी आलो, हिने पिठलं केलं." आणि म्हणाले, "तसल्या वाजवण्याला नाव आहे, हे मंजूने कॅसेट आणल्यावर कळलं."

मंजू म्हणजे मी.

*

दोन वर्षांनी वॉल्टर ट्रेनिंग द्यायला पुण्यात आला. रविवारी सकाळी मी त्याला विश्रांतवाडीत घेऊन आले. साहेब म्हणाले, आधी विहारात जाऊ, मग बसू. बुद्धवंदनेची वेळ झाली होती.

वॉल्टर मागे मांडी घालून बसला. त्याचे वडील चर्चमध्ये प्रार्थना सांगायचे, आणि तिथे प्रत्येक ओळीला लोक मोठ्याने होकार द्यायचे. त्यामुळे वंदनेची एक ओळ झाली, सगळे श्वास घ्यायला थांबले, की त्याच्या तोंडून आपोआप जायचं, "येस!" पहिल्यांदा पोरं खिदळली. पुढे बसलेल्या भागाबाई आजींनी वळून पाहिलं. ऐंशीच्या पुढच्या, मराठवाड्यातून मुलाकडे आलेल्या. मला वाटलं आता रागावणार. पण त्या पुढच्या प्रत्येक ओळीनंतर त्याच्या "येस"साठी थांबायला लागल्या!

वंदना संपली. आजी काठी टेकत त्याच्यापाशी आल्या.

"पाव्हणं कुठल्या गावचं?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"शिकागोचे."

"ते ऱ्हायाचं झालं. मूळ गाव इचार."

साहेबांनी आपल्या लष्करी इंग्रजीत विचारलं. वॉल्टर म्हणाला, ठाऊक नाही. पणजोबांच्या आधीच्यांना जहाजातून आणलं. गावाचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, नंतर सांगणारंही कोणी उरलं नाही.

साहेबांनी ते आजींना सांगितलं. आजी त्याच्याकडे वळल्या.

"मंग आमचं घे म्हणावं. पिंपळखेडा." मग काठी दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "पुरंल त्याला. आमच्याच्यानंबी कवा समदं वापरून झालं न्हाई. हीर, देऊळ तसंच ऱ्हायलंय."

साहेबांना हे इंग्रजीत सांगायला वेळ लागला.

वॉल्टरने खिशातून डायरी काढली आणि स्पेलिंग विचारलं.