पाच मुक्कामांचं माहेर

बायको गेली त्याला दीड वर्ष झालं. लोक म्हणतात, म्हाताऱ्या, आता चांगल्या चांगल्या आठवणी काढत बस. चांगल्या येत नाहीत. फिरून फिरून एकच येते, आणि ती आली की मला माझाच संताप येतो, समोरचा चहा तसाच गार होतो. म्हणून एकदाची लिहून टाकतो.

निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. आम्ही वालूरजवळ राहायचो. शेत नव्हतं, मेंढरं होती. तिचं माहेर जिंतूरच्या पलीकडं, पूर्णेच्या काठाला. येलदरीला धरणाचं काम निघालं आणि वरच्या अंगाची गावं पाण्यात जाणार असं लोक बोलायला लागले. कुणी म्हणायचं दोन वर्षांत, कुणी म्हणायचं दहा. माझ्या मेव्हण्याला तेवढा दम नव्हता. त्यानं लांब, त्याच्या आजोळाकडं जागा बघितली आणि निरोप धाडला की पाडव्याच्या आधी घराचं माळवद, म्हणजे वरचं मातीचं छत, उतरवतो, लाकूड आणि दारं गाडीत घालतो, गुढी नव्या जागेतच उभारतो.

निरोप ऐकला तेव्हा ती चुलीपुढं होती. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मोडायच्या आदी एकदा जाऊ. दोघं मिळून."

हे 'दोघं मिळून' सोपं नव्हतं. मेंढरं असलेल्या घरात नवरा-बायको एका वेळी बाहेर पडत नाहीत. एकानं जायचं, एकानं मेंढरांमागं राहायचं. ती माहेरी जायची ती भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला तर. न्यायला मुराळी आल्याशिवाय बाईनं माहेरी जायचं नाही, अशी आमच्यात रीत. मी त्या घरात लग्नात जेवलो तेवढाच. बारा वर्षांत त्या उंबऱ्यावर आम्ही दोघं एकदाही बरोबर बसलो नव्हतो. तिला तेवढंच पाहिजे होतं. सोनं नाही, लुगडं नाही.

आणि मी बेत करायला लागलो. बेत कसला, नुसती कटकट.

मोटारीचं भाडं विचारलं तर दोघांचं जाऊन-येऊन एका मेंढीवर गेलं.

ती म्हणाली, "मग इका की एक."

"कोणती इकू? ही गाभण हाय."

"ती इका, कपाळाला पांढरी."

"ती बी गाभण हाय."

"माझं काम निघालं की तुमच्या सगळ्या मेंढ्या गाभणच असत्यात. एडका बी गाभण असंल!"

मग गाडी बघितली. गावातला एक शेतकरी बैलगाडी द्यायला तयार झाला. म्हणाला, पैसा नको, फक्त आधी माझी सरकीची पोती मानवतला टाकू, मग तुमचं जिंतूर. मानवत एका दिशेला, जिंतूर दुसऱ्या. म्हटलं, मालक, उंटावर बसून शेरडं हाकायची झाली ही. तो हसला. मला हसू आलं नाही.

राहिलं पायी जाणं. पायी जायला काही लागत नाही, पण मागं मेंढरं कोण बघणार? चुलत भावाच्या दारात गेलो. तो खाटेवरून उठलासुद्धा नाही. "माझी राखता राखता जीव जायलाय. तुझं एखादं लांडग्यानं नेलं तर तू जलमभर माझ्या दारात बसशील. नको बाबा." तो काही खोटं बोलत नव्हता. मी बसलोच असतो.

आठ दिवस असे गेले. घरात ती बोलेना आणि बाहेर मी ज्याच्या त्याच्यावर वसकायचो. मग एका दुपारी मेंढरं पाण्यावर असताना माझ्या डोक्यात आलं की मेंढरं मागं ठेवायचीच कशाला? बरोबर घेऊन जाऊ. रब्बी निघाली की रानं मोकळी होतात आणि शेतवाले मेंढरं रानात बसवून घेतात. दोरीच्या जाळीचं वाघर उभं करायचं, रातभर त्यात कळप बसवायचा, सकाळपर्यंत रानाला खत होतं. बदल्यात मेंढक्याला जवारी मिळते. म्हणजे वाटेत रोज एका रानात मुक्काम केला की पोटापाण्याची सोय झाली. फुकटात प्रवास. उलट वर जवारीच उरणार. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी एकटाच हसलो.

वालूरच्या बाजाराला जाऊन मी जिंतूरकडचे शेतवाले गाठले. पाच रानं बोलून ठेवली. घरी येऊन अंगणात लेंड्या मांडल्या आणि तिला दाखवलं. हे वालूर. हा पहिला मुक्काम, हा दुसरा, हे जिंतूर.

"आन ही कडंची?"

"ते तुझं माहेर."

"माझ्या माहेराला लेंडीच गावली व्हय तुमाला? खडा तरी ठिवायचा." तिनं लेंडी उचलून फेकली, खडा ठेवला. आणि मग बरेच दिवसांनी माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "पाच राती म्हंजी पाचच ना?"

"पाचच."

"जबान?"

"जबान."

आता माझी चूक सांगतो. ती मेंढक्याच्या पोराला कळेल अशी होती, आणि मला वीस वर्षं या धंद्यात काढून कळली नाही. रान एका रातीत बसत नाही. कळप एका जागी बसतो तेवढ्याच जागेला खत मिळतं. दुसऱ्या राती वाघर पुढं सरकवायचं, तिसऱ्या राती आणखी पुढं, असं सगळं रान संपवायचं. अर्धं बसवून उठणं आमच्यात बरं समजत नाहीत. अर्धं पीक कमरेला लागतं, अर्धं घोट्याला, आणि शेतवाला वर्षभर शिव्या देतो. बाजारात मी म्हटलं होतं 'एक मुक्काम'. त्यांनी धरलं होतं एक रान. मी अंतर मोजलं, रानं मोजलीच नाहीत. फुकटाच्या नादात माणसाचं डोकं असं चालतं.

होळी झाल्यावर लेकरं आईजवळ ठेवली आणि निघालो. तट्टावर वाघर, भांडी, दोन वाकळा. पहिल्या रानात रात काढली. सकाळी ती तट्टावर सामान बांधून उभी, पदर खोचलेला, आणि मालक आला.

"काय ओ, कुठं निघालात?"

"फुडं. एक मुक्काम ठरलंय की."

"एका मुक्कामात चौथाई रान झालं. राहिलेल्यात काय मी बसू?"

मी तिच्याकडं बघितलं. तिनं सामान सोडलं. त्या रानात चार राती गेल्या.

दुसऱ्या रानात एक मेंढी व्याली, कोकराला चालवेना, तिथंही तीन. ती आता जिंतूरकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाला थांबवायची. आमच्या गावाकडं गेलता का? घरं मोडायलेत का? कुणाला काही माहीत नसायचं. राती जेवताना मला म्हणायची, "घाई करू नका. म्हाताऱ्या होऊन पोचू. तवर पाणी बी भरलेलं असंल, पवत जाऊ." मी म्हणायचो, गप बस. दुसरं काय म्हणणार? चूक माझी होती आणि मला ती तिच्या तोंडून ऐकायची नव्हती.

जिंतूर ओलांडून तिसऱ्या रानावर पोचलो तेव्हा पीठ संपलेलं होतं. मी शेतवाल्याकडून जवारी आधीच मागून घेतली. त्यानं दिली, भला माणूस होता. दुसऱ्या दिवशी रान फिरून बघितलं तर चार रातींचं होतं. पाडव्याला तीन दिवस राहिलेले.

ती म्हणाली, "ह्याला सांगा, येताना बसवू."

"त्याची जवारी खाल्लीय आपण."

"येताना दोन राती जास्त बसवू म्हणा."

"मेंढक्याच्या जातीला काळं लावू का?"

"मेंढक्याच्या जातीचं लय पडलंय तुमाला. मला दिलेली जबान कुण्या जातीची व्हती?"

मी काठी आपटली. म्हटलं, तुझ्यापायी बिऱ्हाड घेऊन रानोमाळ फिरायलोय, आणखी काय करू? ती चुलीकडं वळली. मग तव्यावरच्या दोन भाकरी उचलल्या, फडक्यात बांधल्या, चप्पल घातली.

"कुठं जायलीस?"

"माहेरी."

"मुराळी कुठं हाय?"

"मरू द्या मुराळ्याला. तुमी बसा मेंढरात. रान झालं की या मागून."

आणि निघाली. सडकेपर्यंत मी तिच्या मागं चार पावलं गेलो. कुत्रं गेलं आणखी थोडं. मग मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्याच्या ढिगाकडं वळली म्हणून मी परत फिरलो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. ती खरंच वळली होती.

तिथून तिचं गाव अर्ध्या दिवसाची वाट. ते रान संपवून मी जाऊ शकत होतो. पाडवा गाठला नसता, पण गेलो असतो. गेलो नाही. राग धरला होता. म्हटलं, गेली ना एकटी, मग जेवू दे एकटी. चौथ्या रानात वाघर लावलं आणि दोन वेळा स्वतःच्या हातच्या कच्च्या भाकरी खात तिला मनात शिव्या देत बसलो.

आठव्या दिवशी ती आली. सडकेवरून सरळ रानात, जशी पाण्याला जाऊन आली. कोकरू उचलून बघितलं, म्हणाली, चांगलं झालंय.

मी विचारलं, "घर बघितलं का?"

"बघितलं."

"जेवलीस का तिथं?"

"जेवले."

एवढंच. पुढं चाळीस वर्षं संसार केला. भांडणं झाली, सुनांवरून, पैशावरून, माझ्या विडीवरून. पण त्या माहेराचा शब्द तिनं कधी काढला नाही. मी समजलो, घर मोडायच्या आत पोचली, बघितलं, मिटलं. मला तसं समजायला सोपं होतं.

तिच्या दहाव्याला मेव्हणा आला होता. तोही आता थकलेला. सगळं उरकल्यावर माझ्याजवळ टेकला आणि म्हणाला, "दाजी, एक इचारू का? राग येऊ देऊ नका. त्या साली तुमी आला का न्हाईत?"

"कोणत्या साली?"

"माळवद उतरवलं त्या साली. निम्मं उतरलं व्हतं. ताई आली आन माणसांना खाली उतरा म्हणली. म्हणली, ह्ये मागून यायलेत, ते आल्याबिगर हात लावायचा न्हाई. आई म्हणली, अगं जेव तरी. तर म्हणली, बरूबर जेवू. पाडवा आला. नव्या जागेतली गुढी राहिली, गाडीवाले भाड्यासाठी बोंबलायलेले, मी बी तिला लय बोललो. गुढी तिथंच, निम्म्या माळवदावर उभारली. पाडव्याच्या दुसऱ्या दिशी तिसऱ्या पहारापर्यंत वाट बघितली. मग तिनंच सांगितलं, घ्या उतरवून."

मी विचारलं, "जेवली कवा?"

तो म्हणाला, "आईनं बळंच चारलं म्हणा. उंबऱ्याचं लाकूड काढून झाल्यावर, भुईवर बसून."

मग तो माझ्या उत्तराची वाट बघत बसला. मी म्हटलं, मेंढरं होती. तो हं म्हणाला, चपला घातल्या आणि मोटार गाठायला निघून गेला.