मोरिसेतसाठी निळे बाण

एली काझोला कुठलाही ट्रॅक्टर दुरुस्त करता यायचा. बायकोशी वाद मात्र कधी घालता आला नाही. आणि ज्यावर दिवसभरात एखादी गाडी गेली तर गेली, असा रस्ता शोधून काढण्यात त्याचा हात धरणारा आमच्या लोमान्य भागात कोणी नव्हता. आमच्या या टेकड्यांत तसे रस्ते आहेतही पुष्कळ. एका गोठ्यापासून दुसऱ्या गोठ्यापर्यंत जातात, मधोमध गवत उगवलेलं असतं. चढ संपला की उतार, उतार संपला की पुन्हा चढ, आणि सपाट जागा फक्त जेवणाच्या टेबलावर.

हा नाद त्याला मोरिसेतमुळे लागला. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मोठ्या रस्त्यावर एक ट्रक तिच्या सायकलला चाटून गेला. ती बाजूच्या चरातून उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, "एली, मला असा रस्ता शोधून दे, जिथे आपलं बोलणं ऐकू येईल. नाहीतर तुझी सायकल तुला लखलाभ." बोलायची खरं तर ती एकटीच. एलीचं काम हुंकार भरण्याचं. पण त्याने रस्ते शोधले, आणि एकदा शोधायला लागल्यावर तो थांबेना. पुढे गावच्या सायकल क्लबाने मार्ग आखण्याचं काम त्याच्या गळ्यात घातलं आणि निवांत झाला.

इकडे प्रत्येक गावचा क्लब वर्षातून एकदा आपली रविवारची सहल भरवतो. मार्ग आखणारा माणूस आदल्या दिवशी गाडीत रंगाचा डबा टाकून निघतो आणि प्रत्येक फाट्याच्या थोडं आधी डांबरावर बाण काढतो. ज्या त्या क्लबाचा रंग वेगळा. एलीचा निळा. सहल झाल्यावर बाण कोणी पुसत नाही, पाऊस आणि चाकं आपोआप पुसतात. चालवणाऱ्याने नकाशा बघायचा नाही, विचारायचं नाही. "बाण दिसला की वळायचं, डोकं घरी ठेवायचं," असं मोरिसेत नव्या लोकांना बजावायची, आणि सगळे हसायचे.

मोरिसेत गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर एका सकाळी तिने बटाट्यांचं अख्खं पोतं सोलून ठेवलं. एली म्हणाला, "अगं, आपण दोघंच आहोत." ती म्हणाली, "मुलं यायची वेळ झाली, बाजूला हो." तो बाजूला झाला. तेव्हापासून तो बाजूलाच होत राहिला.

गंमत अशी, की सायकलवर बसली की ती ठणठणीत. गिअर चुकत नव्हते, तोल जात नव्हता, उतारावर तर ती एलीच्या पुढे निघून जायची. त्याच्या गुडघ्याने संप पुकारला होता, त्यामुळे चढावर तिला गाठणं त्याला जमेना. फक्त आपण कुठे चाललोय ते तिला कळायचं नाही. एली कोंबड्यांना दाणे टाकायला गेला की ही फाटकातून पसार.

टूलूझहून मुलगी कोरीन फोनवर रोज बजावत होती. "बाबा, सायकलला कुलूप लाव."

"कुलूप? ती काय गाय आहे?"

"गाय असती तर तू कधीच बांधली असतीस. बायकोपुढे तुझी हिंमत होत नाही."

खरंच होत नव्हती. त्याला उपाय सुचला तोही त्याच्यासारखाच. शेजारी रेजिसच्या लसणाच्या शेतावरून, स्मशानाच्या मागून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून पुन्हा आपल्याच फाटकापर्यंत त्याने निळे बाण काढले. जरा ठसठशीत काढले. मोरिसेत निघाली, बाणामागून बाण करत बरोबर घरी आली. दुसऱ्या दिवशीही आली. वसंतभर येत राहिली. एली कुंपणाच्या भिंतीवर बसून वाट बघायचा, आणि तिच्या मागच्या चाकाची करकर ऐकू आली की काहीच झालं नाही असं दाखवून घरात शिरायचा. जमलं, असं त्याला वाटलं. कोरीनला त्याने तसं मोठ्या ऐटीत सांगितलंही.

जूनमध्ये पलीकडच्या गावाची सहल होती. त्यांच्या मार्ग आखणाऱ्याला हे रस्ते एलीनेच सांगितले होते, पेल्यामागून पेला रिचवत, अगदी मिशांना पीळ देत. शनिवारी भल्या सकाळी त्या माणसाने येऊन पिवळे बाण काढले. निळे फिके पडले होते, पिवळे ताजे, लखलखीत. मोरिसेत रेजिसच्या शेताशी आली आणि पिवळ्यामागे वळली. तिचं काय चुकलं? चाळीसएक वर्षं ती हेच तर करत आली होती.

करकर ऐकू आली नाही तेव्हा एली शेताशी गेला. ताजा पिवळा रंग बघितला आणि तसाच माघारी वळला. गाडी काढली, काचा उतरवल्या आणि पिवळ्या बाणांमागे निघाला; पण पुढे बाण लांबच्या आणि जवळच्या अशा दोन मार्गांत फुटले होते, आणि ती कुठे वळली ते कळेना. सहल उद्या, त्यामुळे आज रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ज्या रस्त्यांवर माणूस दिसत नाही म्हणून तो आयुष्यभर कौतुक करून घेत आला, त्याच रस्त्यांवर आता विचारायला माणूस नव्हता. एक कुत्रा भुंकला. बदकांच्या एका मोठ्या जाळीपाशी त्याने हाका मारल्या, तर बदकंच ओरडली. प्रत्येक चढ चढून गेला की पुढे आणखी चार टेकड्या, सगळ्यांवर गहू, कशावरच मोरिसेत नाही. फाट्यावर थांबून तो "मोरिसेत! मोरिसेत!" असा ओरडला आणि स्वतःच्या आवाजाने घाबरला. एवढी भीती त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

दुपार कलल्यावर ती सापडली. एका बंद चर्चजवळच्या कुरणात, रस्त्यावर जिथे पिवळ्या रंगात पेला काढला होता तिथे. पेला म्हणजे इथे खाणंपिणं मिळेल. टेबलं उद्या लागणार होती. मोरिसेत भर उन्हात गवतावर बसली होती. चेहरा भाजून निघालेला, ओठ फुटलेले, एक गुडघा सोललेला.

"किती रे उशीर!" ती म्हणाली. "सगळे मागे राहिले. सॉसेजचा पत्ता नाही, पाव नाही, प्यायला घोटभर वाइन नाही. क्लब पार बुडाला आपला."

"येतीलच," एली म्हणाला. दुसरं काय म्हणणार? गाडीतलं कोमट पाणी त्याने तिला घोट घोट पाजलं.

"मी खूप वेळ बसलेय," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, कोणी येतच नाही."

त्याच संध्याकाळी ती झोपल्यावर एली सायकल ढकलत रेजिसच्या कोठारात घेऊन गेला. रेजिसने नवीन लसणाच्या जुड्या सुकायला टांगल्या होत्या. त्यांच्या मागे, भिंतीवरच्या खुंट्यांना त्याने सायकल अडकवली.

"लसणाचा वास लागणार हं तिला," रेजिस म्हणाला. एली हसला नाही, तेव्हा त्याने कोठाराचं दार ओढून घेतलं. "ठीक आहे रे बाबा. राहू दे इथे."

रात्रभर एलीने वाक्यं जुळवली. डॉक्टर म्हणतात. कोरीनचा जीव टांगणीला लागतो. तुझ्याच भल्यासाठी. सकाळी मोरिसेत शेडमधून धडपडत आली.

"एली, माझी सायकल चोरीला गेली!"

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. "काय सांगतेस!" तो म्हणाला.

मग दोघं शोधायला निघाली. बेकरीत विचारलं. टपाल कचेरीच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं. रेजिस कोठाराच्या दारातच उभा होता. तो लालेलाल झाला आणि म्हणाला, "नाही हो मोरिसेत, नाही दिसली. नजर ठेवतो मी." दुपारपर्यंत ती दमली आणि जेवता जेवता सायकल विसरली. एलीने सुटकेचा निःश्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा चोरीला गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज सकाळी तिला तोच धक्का बसतो, आणि रोज एलीला तितकंच दचकावं लागतं. गावाला आता सगळं पाठ झालंय. बेकरीवाली हळहळते, म्हातारे चोराला शिव्या घालतात, रेजिस नजर ठेवायचं कबूल करतो. एलीला कोणी काही बोलत नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

परवा शोधून दमल्यावर दोघं तळ्याकाठी बसली होती. एलीला एकाएकी भरून आलं आणि त्याने मान फिरवली. मोरिसेतने त्याच्या हातावर हात ठेवला.

"तू कशाला रडतोस? गेली ती माझी."

एलीने बाहीने डोळे पुसले.

"चोर सापडला ना," ती म्हणाली, "तर त्याला मारू नकोस हं. नुसतं विचार त्याला, मी काय वाईट केलं होतं त्याचं."

"विचारतो," एली म्हणाला.