साडूचं लिनक्स

लालबागच्या आमच्या घरात कॉम्प्युटर म्हणजे मी, असं वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. दुसरं काही माझ्यावाचून अडत नाही, त्यामुळे एवढा मान मी जपून ठेवला होता.

तो साडूने एका रविवारी काढून घेतला. बायको घरगुती मसाला विकते, त्याची लेबलं जुन्या लॅपटॉपवर करते. तो इतका मंद झाला होता की चालू होईपर्यंत मिरच्या भाजून व्हायच्या. "भंगारात दे," असा निकाल मी दिलेलाच होता. परळहून साडू जेवायला आला, खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि कोलंबी शिजेपर्यंत लॅपटॉपवर लिनक्स चढवलं. लॅपटॉप पळायला लागला.

"भाऊजी, हे लिनक्स म्हणजे काय हो?" बायकोने विचारलं. मला तिने असलं कधी काही विचारलं नव्हतं. सांगता आलं नसतं, ते सोडा.

"तुमच्या मसाल्यासारखं. मिरची, धणे सगळ्यांचे तेच, पण घराघराचं प्रमाण वेगळं. लिनक्स हा आतला गाभा. त्यावर कोणी उबंटू केलं, कोणी मिंट, कोणी आर्च. कृती उघडी; कोणीही बघावी, बदलावी, वाटावी. तुम्हाला मिंट दिलंय. सोपं आहे."

"किती छान समजावता हो!" म्हणत तिने उरलेली कोलंबी त्याच्या ताटात वाढली. मी सोलकढी पीत बसलो.

सोपं? म्हणजे फिकं! लालबागचा माणूस मसाला तिखटपणावर जोखतो. शोधाशोध केली, लोक सगळ्यात जास्त आर्चला घाबरत होते. म्हटलं, हेच आपलं. पुढच्या रविवारी बायको मसाला कुटून आणायला गेली तेव्हा लेबलांच्या फाइल्स तेवढ्या बाजूला काढल्या आणि मिंट पुसलं. आर्च चढलं, पण पडद्यावर नुसता काळोख आणि एक लुकलुकणारी रेघ. त्यात तयार काहीच मिळत नाही, सगळं आपण बसवायचं. मसाला मागायला जावं आणि हातात मिरचीचं रोप मिळावं, तशी गत.

बायको शिंकत आत आली. "हे काय केलंत?"

"जरा सुधारणा."

"अहो, संध्याकाळी दादरला पाकिटं पोचवायचीत! लेबलं?"

मी म्हटलं, "साडूला फोन लाव."

"भाऊजींना कशाला? सरका तिकडे." तिने कपाटातून पेन ड्राइव्ह काढला. "हा ते ठेवूनच गेलेत. कसं करायचं तेही दाखवलं. तुम्ही तेव्हा गॅलरीत तोंड फुगवून उभे होतात."

तिने मिंट चढवलं. प्रिंटर कुरकुरला, लेबलं निघाली. शेजारच्या वहिनी दारातून बघत होत्या. "अय्या, आमच्या लॅपटॉपवर पण टाकून द्याल?"

"आणा की," बायको म्हणाली, आणि लेबलांचा गठ्ठा चिकटवायला माझ्या मांडीवर ठेवला.

साडूचा हेवा परवडला. तो निदान परळला राहतो.