अडखळलेलं वाक्य

शाळेच्या लेखन महोत्सवात पाहुण्या लेखिका स्वतःची गोष्ट वाचत होत्या. आम्हाला सवय भाषणांची, त्यामुळे त्या श्वास घ्यायला थांबल्या की आम्ही टाळ्या वाजवायचो. शेवटी त्या हसून म्हणाल्या, "अरे, गोष्टीतली म्हातारी आत्ता कुठे आजारी पडलीय. टाळ्या कसल्या वाजवता?"

पुढे एका वाक्यावर त्या अडखळल्या. परत वाचलं, परत अडखळल्या. मग पर्समधून पेन काढलं आणि छापील पुस्तकातलं ते वाक्य चक्क खोडलं. आमच्या घरी माझ्याआधी वाचता कुणालाच येत नव्हतं, पण पुस्तकाला पाय लागला तर हात जोडायचे.

"बाई, छापलेलं खोडलंत?" मी पहिल्या रांगेतून विचारलंच.

"वाचणारा अडखळला, तर चूक लिहिणाऱ्याची असते गं."

हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. वर्गात मी अडखळले की पोरं हसायची, आणि मला वाटायचं, वाचणं आपल्या घराण्याचं कामच नाही. त्यांच्यानंतर माझा निबंध वाचायची पाळी होती. मी तर गुपचूप घरी सटकणार होते. ते राहिलं. उभी राहिले, खणखणीत वाचलं. अडखळले तिथं म्हणाले, "थांबा, हे वाक्य नीट जमलेलं नाही," आणि घरी बोलतो तसं सांगून टाकलं.

आज मी पदवीधर आहे, आमच्या घरातली पहिली. एखाद्या जाडजूड पुस्तकात अजूनही अडकते. पण आता आधी संशय येतो तो लेखकाचा.