अडकलेला सा

आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना गाता येतं. हे रडगाणं नाही; रडगाणंसुद्धा मला सुरात जमत नाही. आईच्या वडिलांची गायन पार्टी होती, आई त्यांच्या मांडीला मांडी लावून पेटी वाजवायला शिकली, आणि माझा धाकटा भाऊ तर अंघोळ करतानाही ऐकत राहावंसं वाटेल असा गातो. माझ्या वाट्याला लहानपणापासून एकच काम आलं, ते म्हणजे धरणं. कार्यक्रम असला की कुणीतरी म्हणायचं, "तू माइकची वायर धर." नाहीतर, "तू टार्च धर." पुढं मी शिकले, यवतमाळला कॉलेजात नोकरीला लागले, पण शनिवारी बोरी अरबला घरी गेले की वाक्य तेच असायचं. "तू फोन धर, आमी गातो."

आईच्या लग्नात माहेरून भांडी आली, पेटी आली नाही. हार्मोनियमला आमच्याकडं पेटीच म्हणतात. ती माहेरीच राहिली आणि तिथं उंदरांनी तिचा भाता खाल्ला. आमच्या विहारातल्या बाया चौदा एप्रिलच्या जयंतीला दरवर्षी गायच्या, आई पुढं असायची, पण साथीला ढोलकी आणि टाळ्या. गावात पेटी एकच, पुरुषांच्या गायन पार्टीची, आणि ती जयंतीला हमखास दुसऱ्या गावी गेलेली असायची. एकदा आईनं त्या पार्टीच्या म्होरक्याला विचारलं, तर तो म्हणाला, "वैनी, बायांच्या गाण्याले पेटी कायले लागते? टाळ्या हायेत ना!" आईनं घरी येऊन पोळ्या फार जोरात लाटल्या.

मग कापूस वेचणीच्या दिवसांत बायांनी थोडे थोडे करून पैसे जमवले आणि माझ्या हातात आणून दिले. येत्या जयंतीला बायांची स्वतःची पेटी विहारात वाजली पाहिजे, असा हुकूम होता. मी फोन काढला आणि पेट्यांचे फोटो दाखवायला लागले. आईला ते काही पटेना.

"न वाजवता पेटी घ्याची? पोरगी पाह्याले जातेत तं चालून दाखव म्हणतेत. हे तं नुसता फोटोच पाहून राह्यलो आपण."

"अवं, घे ना आता," शेजारची मावशी म्हणाली. ही आमची ढोलकीवाली. तिचं तोंड ढोलकीपेक्षा मोठं आहे. "तुले तरी कुठं पाहून देल्लं होतं?"

बाया खो खो हसल्या आणि मी ऑर्डर टाकली.

ते साल कापसाचं फार वाईट होतं. आधी बोंडअळीनं निम्मं खाल्लं, उरलेल्याला व्यापारी धड विचारेना. बाबांनी ठरवलं की भाव येईपर्यंत थांबायचं. त्यामुळं पुढच्या खोलीत कापूस राहायचा आणि आम्ही अंगणात. खोली जवळजवळ आढ्यापर्यंत भरली होती, दाराशी तेवढी बसायला जागा. बाबा दिवसातून एकदा दार उघडून आत पाहायचे, आजारी माणसाला बघून यावं तसं, आणि दार लावून घ्यायचे. ते मुळात हसरे. त्या हंगामात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

पेटी दारव्ह्याला कुरिअरच्या दुकानापर्यंत आली. पुढं गावात आणून देत नाहीत म्हणे. मी एसटीनं गेले आणि मांडीवर घेऊन आले. खोक्यावर बाणाचं चित्र होतं, वरची बाजू कुठली ते सांगणारं, आणि बाण खाली तोंड करून होता. आत काहीतरी खुळखुळत होतं. मी रस्ताभर स्वतःची समजूत घातली की सोबत काही सुटं सामान दिलं असेल.

अंगणात सगळ्या बायांच्या देखत खोकं उघडलं. पेटी दिसायला देखणी. आईनं पदरानं पुसली, भाता हलवला, आणि कुणी कशाला हात लावायच्या आत पेटी आपोआप बोलायला लागली. एक काळी पट्टी आत रुतली होती. भाता हलतो तोवर ती एकच सूर लावून बसली, थांबायचं नाव नाही. उजवीकडची एक पांढरी पट्टी दाबली तर नुसता वारा. आईनं भात्यावरचा हात काढला. तिचा चेहरा पाहून मला त्या कुरिअरवाल्याच्या सात पिढ्या उद्धाराव्याशा वाटल्या.

बातमी गावभर झाली. गायन पार्टीचा म्होरक्या पेचकस घेऊनच आला. "खोलून देतो ना वैनी, पाच मिनटाचं काम हाये."

"नवी हाये," आई म्हणाली. "कंपनीच बदलून देईन."

खोलली तर कंपनी परत घेणार नाही हे खरंच होतं. पण त्याच्या पेचकसानं दुरुस्त झालेली पेटी जयंतीला वाजवायची नाही, हेही खरं होतं. दोन्ही मला कळत होतं. जयंतीला महिनाभर होता.

कंपनीनं सांगितलं, पेटी वाजवतानाचा व्हिडिओ पाठवा. अंगणात काढायला गेलो तर पलीकडं पिठाची चक्की, अलीकडं शेळ्या, चौकात लग्नाच्या साउंडवाल्याची तपासणी. शेवटी पेटी उचलून कापसाच्या खोलीत नेली, दार लावलं आणि सगळ्या जणी कापसाला टेकून बसल्या. एकदम शांत झालं. त्या खोलीत आवाज भिंतीवर आपटतच नव्हता. आपण बोललेलं आपल्याच कानाशी येऊन बसायचं.

"तू फोन धर," आई म्हणाली.

मी धरला. तिनं भाता हलवला, अडकलेला सूर सुरू झाला. "हे पाहा," ती फोनकडं बघून म्हणाली, "मी बोट नाई लावलं तरी वाजून राह्यली." इथपर्यंत उत्तम चाललं होतं. पण ती रुतलेली पट्टी होती काळी चार, आणि काळी चार हाच आईचा सा. तिचं सगळं गाणं त्याच सुरावर उभं राहतं. समोर स्वतःचा सा इतका भरून वाजत असताना तोंड मिटून बसणं तिला जमणारं नव्हतं. ती गुणगुणली. मग दुसरी बाई गुणगुणली. मावशीनं पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला. आणि मग आख्खं गाणं झालं, सगळ्या कडव्यांसकट. एसटीचा ड्रायव्हर दारव्हा रोडवरचा खड्डा चुकवतो तशी आई ती मुकी पांढरी पट्टी चुकवत होती. गाणंच तिनं असं निवडलं होतं की ती फारशी लागू नये. मला सुरातलं काही कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला.

मी तोच व्हिडिओ पाठवला. सूर अडकलाय हे कुणालाही ऐकू येईल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पेटी उत्तम चालत असल्याचं व्हिडिओत दिसतं, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. खाली लिहिलं होतं की आपलं गाणं आमच्या सगळ्यांना फार आवडलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई मात्र लाजली. "आवडलं म्हणे?" तिनं दोनदा विचारून घेतलं.

गाण्यात नसला तरी भांडणात माझा सूर बरोबर लागतो. मी फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मैम, वीडियो में तो बहुत अच्छा बज रहा है।"

"वो मेरी माँ बजा रही है, इसलिए अच्छा बज रहा है!"

ती म्हणाली, "तो किसी और से बजवाइए ना।"

संध्याकाळी पुन्हा सगळ्या जणी कापसाच्या खोलीत. ठरलं की वाईट वाजवायचं. आईनं प्रयत्न केला. तिचं बोट चुकीच्या पट्टीकडं जायचं आणि वाटेतच वळून बरोबर जागी पडायचं. दुसरीनं वाजवून पाहिलं, तर बाकीच्या सवयीनं तिला सांभाळून घेत होत्या. बेसूर व्हायचं म्हणून एकीनं आवाज चढवला, तो इतका छान चढला की बाकीच्यांनी तिला वा वा केलं. मावशी वैतागली.

"अवं, घरात देवानं देल्लेली बेसूर पोट्टी असून तुमी कायले मरून राह्यल्या? हिले बसवा ना!"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. फोन मावशीनं माझ्या हातातून काढून घेतला. मी पेटीपुढं बसले, भाता हलवला आणि पाचही बोटं चालवली. ते काय होतं हे मी सांगू शकत नाही. खाली तो अडकलेला सा, वर माझी बोटं, मधे मुक्या पट्टीचा वारा. मावशी हसून हसून कापसावर आडवी झाली. आईनं कानात बोटं घातली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते हसण्याचंच होतं.

पेटी बदलून देण्याचं तासाभरात मंजूर झालं. जन्मात पहिल्यांदा माझं संगीत कुणालातरी पटलं होतं.

पेटी दारव्ह्याला कुरिअरकडं नेऊन द्यायचा निरोप येईपर्यंत आमच्या बायांनी तिच्यावर तालीम केली. अडकलेला सा वाजत असायचा आणि त्याच्यावर गाणं. मी शनिवार-रविवार तिथंच कोपऱ्यात बसायचे. यवतमाळला परत जाताना एसटीतसुद्धा तो सूर माझ्या कानात घुमत राहायचा.

कंपनीचा नियम होता, आली तशीच बांधून द्या. "आली तशी म्हंजे मोडकीच ना?" मावशी म्हणाली. पण आतला थर्माकोल विहाराच्या कमानीसाठी केव्हाच कापून झाला होता. आम्ही जुन्या साड्या शोधत असताना बाबा उठले. त्यांनी खोलीचं दार उघडलं आणि कवळाभर कापूस आणून पेटीभोवती कोंबला. मग आणखी तेवढाच.

"घ्या," ते म्हणाले. "बाजारात याले कोणी विचारत नाई. पेटीच्या तं कामात येईन."

पेटी गेली. नवी काही निघेना. जयंती आठवड्यावर आली तेव्हा मी पुन्हा फोन लावला. या वेळी एक मुलगा होता. तो म्हणाला, तुमची पेटी रोखून ठेवली आहे, कारण खोक्यात आक्षेपार्ह वस्तू सापडल्या.

"कैसी चीज?"

"मैम, काले-काले बीज निकल रहे हैं। पूरी रुई में। हमने तो बीज नहीं मँगवाए थे।"

मी तोंड उघडलं ते ओरडण्यासाठीच. पण बाबा शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी फोन मागून घेतला आणि आपल्या हिंदीत, अगदी सावकाश, सांगायला लागले.

"साहब, वो सरकी है। कपास के पेट में सरकी रहतीच है। खेत से निकला वैसाच डाला हमने।"

"मतलब रुई में बीज अंदर से ही आता है?"

"अंदर सेच आता है।"

"अच्छा! मुझे लगा रुई मशीन में बनती है।"

बाबांनी फोन कानापासून लांब धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं ठसका लागला. पण ते हसत होते, पोट धरून, खाटेची दोरी करकरेपर्यंत. "मशीनमधी बनते म्हणे! अन् आमी इकडं बावळटासारखे वखरून राह्यलो!" आई चुलीपुढून धावत आली आणि कारण न कळताच तीही हसायला लागली. खूप दिवसांनी आमच्या अंगणात ते हसणं आलं होतं. मला इतकं बरं वाटलं की भांडायचं राहूनच गेलं. बाबांनी त्या मुलाला बोंडं फुटतात तेव्हा गावी यायचं आमंत्रण दिलं, आणि जेवूनच जायचं असंही बजावलं.

पेटी दुसऱ्या दिवशी निघाली. जयंतीच्या आदल्या दुपारी मी ती दारव्ह्याहून आणली. या वेळी बाण वर होता आणि आत काही खुळखुळत नव्हतं. आईनं एकेक पट्टी दाबून पाहिली. सगळ्या बोलल्या, आणि सोडल्या की गप्प झाल्या.

जयंतीला विहारापुढं सतरंजी अंथरली होती, वर निळ्या पताका. पांढऱ्या साड्या नेसून बाया बसल्या. गायन पार्टीचा म्होरक्या त्या वर्षी गावातच होता, अगदी पुढं येऊन बसला. आईनं काळी चार दाबली, सूर घेतला, आणि बोटं गाण्याकडं वळवली. सा थांबला. बायांनी पहिली ओळ म्हटली, पण कुठंतरी ती उघडी पडली. तालमीत खाली जो सूर पसरलेला असायचा, तोच नव्हता. त्या एकमेकींकडं पाहायला लागल्या.

आई थांबली. तिनं वळून मला शोधलं. मी खांबाशी उभी होते, हातात फोन.

"तो फोन ठेव," ती म्हणाली. "इथं माझ्या बाजूले बस. सा धर."

"माय, मले नाई येत."

"एकच तं हाये. आयकलाच ना इतके दिवस."

माइक चालू होता, सगळ्या गावानं हे ऐकलं. मी बसले. आईनं काळी चार एकदा दाबून दाखवली, आणि मी तोंड उघडलं. तो सूर माझ्यात होता. कुठून आला, कधी येऊन बसला, मला माहीत नाही, पण तो तिथं होता, आणि आईनं पट्टी सोडली तरी तो गेला नाही. बायांनी त्याच्यावर गाणं ठेवलं. शेजारी आईचा आवाज वर गेला आणि मला इतका आनंद झाला की डोळे मिटून घ्यावे लागले. म्होरक्या टाळ्या वाजवून साथ करत होता, असं नंतर भावानं सांगितलं.

गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तरी माझं चालूच होतं. शेवटी आईनं माझ्या मांडीवर एक बोट टेकवलं, तेव्हा कुठं मी बंद झाले.

"हिले नका पाठवू वं वापस," मावशी माइकमधूनच म्हणाली. "असू द्या अडकलेली."